साहेबांची दाढी

रोज सकाळी तुरुंगाच्या साहेबांच्या गळ्यावरून एक कैदी वस्तरा फिरवायचा आणि मी बाजूला काठी घेऊन उभा राहायचो. नियमच तसा होता. कैद्याच्या हातात पातं दिलं की शेजारी शिपाई हवाच. आता खरं सांगायचं तर त्याच्या मनात आलं असतं, तर मी काठी उचलेपर्यंत साहेबांचा कारभार आटोपला असता. हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही आणि साहेबांनाही. तरीसुद्धा साहेब मान मागे टाकून, पाय पसरून, डोळे मिटून बसायचे आणि मध्येच चक्क घोरायचे. स्वतःच्या बायकोसमोरही हा माणूस इतका निर्धास्त बसत नसेल.

त्या कैद्याला आत सगळे 'अलगद' म्हणायचे. धंद्यानं न्हावी. बाहेर बापलेकाचं छोटंसं दुकान होतं, एका खुर्चीवर वडील आणि दुसरीवर हा. एकदा एका प्यायलेल्या गिऱ्हाइकानं काही कारण नसताना म्हाताऱ्याच्या कानाखाली वाजवली. ह्यानं त्याची गचांडी धरून त्याला दुकानाबाहेर ढकललं. तो पायरीच्या कडेवर डोकं आपटून पडला तो परत उठलाच नाही. वस्तऱ्याला किंवा कात्रीला ह्यानं हातसुद्धा लावला नव्हता. पण 'न्हावी' आणि 'मृत्यू' हे दोन शब्द शेजारी शेजारी आले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहतं, आणि हे भलतं चित्र साहेबांच्या फार कामाला आलं.

दिसायला अगदी किरकोळ माणूस. बोलणं हळू, चालणं त्याहून हळू. कुणाच्याही तोंडाला पातं लावण्याआधी तो बोटांची मागची बाजू त्याच्या गालावर टेकवायचा आणि कातडी कुठं नाजूक आहे, केस कुठल्या बाजूला वळलेत, ते बघून घ्यायचा. साहेबांच्या हनुवटीखाली केस दहा दिशांना उगवायचे. जरा उलटा हात फिरला की पुटकुळ्या यायच्या, मग दिवसभर गळा खाजवत दिसेल त्याच्यावर डाफरणं चालायचं. मशीन वापरून झालं, मलमं चोपडून झाली, बाहेरचे दोघंतिघं न्हावी बोलावून झाले. अलगद यायच्या आधी साहेबांचा गळा कायम किसणीवर घासल्यासारखा लाल असायचा. ह्याचा हात लागला आणि साहेब गुळगुळीत झाले. गुळगुळीत झाले म्हणजे फक्त तोंडानं. आतून होते तसेच राहिले.

पॅरोल म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला नीटसं माहीत नसतं, म्हणून सांगतो. शिक्षेचा बराच भाग भोगून झाला की कैद्याचं प्रकरण मंडळापुढे जातं. मंडळ वर्षातून एकदा येतं. आतली वागणूक चांगली असली, बाहेर घर असलं, घरी कुणी घेणारं असलं, तर उरलेली शिक्षा चौकीवर हजेरी लावत घरी राहून काढायची. वागणूक कशी, हे मंडळाला सांगतात साहेब. थोडक्यात, दार मंडळाचं आणि किल्ली साहेबांच्या खिशात.

आता किल्ली एकाच खिशात असली की त्या खिशाभोवती काय गर्दी होते, ते मी वर्षानुवर्षं बघितलंय. साहेबांच्या रटाळ भाषणाला उभं राहून टाळ्या पिटणारे बघितले. शेजाऱ्यानं उशाखाली लपवलेल्या बिडीची बातमी कचेरीत पोचवणारे बघितले. साहेबांच्या कुत्र्याला 'या, बसा' म्हणणारा एक महाभागही बघितला. शिसारी यायची. पण त्यांच्यावर तरी मी किती चिडणार? सुटायची घाई झालेला माणूस काहीही चाटतो. माझं डोकं फिरायचं ते चाटून घेणाऱ्यावर.

अलगद ह्यातलं काहीच करत नसे. त्याला वाटायचं, काम नीट करावं, भांडू नये, एवढ्याला वागणूक म्हणतात. बिचारा! दवाखान्याच्या खोलीत एक म्हातारा कैदी होता. त्याच्या अंगभर फोड, वास असा की आमचे शिपाई नाकाला रुमाल लावून दारातूनच हाका मारायचे. अलगद त्याच्या खाटेवर बसून, फोड चुकवत चुकवत त्याची दाढी करून द्यायचा आणि वर गप्पाही मारायचा. एकदा बराकीतल्या दांडगटानं ह्याचं पांघरूण ओढून घेतलं. मी म्हटलं, तक्रार कर. तर म्हणाला, "जाऊ दे हवालदार, त्याला जास्त थंडी वाजत असेल." असल्या माणसाला बघून कधी कधी मलाच त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटायची.

पहिल्यांदा त्याचं प्रकरण मंडळापुढे गेलं तेव्हा निर्णय आला, आणखी एक वर्ष निरीक्षण करावं. मी म्हटलं, असेल, कायद्याची रीत असेल. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हाही मी मान डोलावली. मग एका सकाळी दाढी चालू असताना साहेबांच्या मेहुण्याचा फोन आला. साहेब एका गालाला फेस आणि दुसऱ्या कानाला फोन लावून हसत म्हणाले, "छे छे, ह्याला सोडून कसं चालेल? मग माझ्या गळ्याचं काय?"

हे त्याच्यासमोर. खुर्चीसमोर खुर्चीबद्दल बोलावं तसं. अलगदचा हात थांबला नाही. पातं कानापासून हनुवटीपर्यंत ज्या चालीनं येत होतं त्याच चालीनं आलं. म्हणजे ह्याचं काम वाईट असतं तर हा केव्हाच घरी गेला असता! चांगलं वागा म्हणजे सुटाल असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवायचं, आणि चांगला वागला म्हणून माणसाला धरून ठेवायचं. त्या भिंतीवर थुंकावंसं वाटलं मला. थुंकायला बंदी असल्याचंही तिथंच लिहिलं होतं, ते सोडा.

त्याला दर महिन्याला भेटायला त्याची मोठी बहीण यायची. कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. आधी कधी हसून बोलायची, पण त्या वर्षी आली ती कंबर धरून, वाकडी चालत. वडिलांना झटका आला होता. उजवं अंग गेलं होतं. त्यांना उठवणं, कूस बदलणं, न्हाऊमाखू घालणं सगळं तिच्या एकटीवर. वाचाही गेल्यात जमा. जे काही दोनचार आवाज तोंडातून निघायचे ते ह्या बहीणभावांनाच कळायचे. कारण म्हातारा धडधाकट असतानाही अर्धं बोलणं गिळूनच बोलायचा, आणि लहानपणापासून ह्या दोघांना त्याची सवय.

जाळीच्या अलीकडे मी उभा होतो, म्हणून ऐकलं. ती म्हणाली, "ह्या खेपेला तू सुटलास तर ठीक. नाहीतर मला काही हे झेपत नाही रे. डॉक्टर म्हणतात, अशीच उचलाउचल करत राहिलात तर तुम्हीही अंथरूण धराल. त्या नदीपलीकडच्या आश्रमात एक जागा आहे. ते थांबायला तयार आहेत, पण मंडळाच्या तारखेपर्यंतच."

"आश्रमात नको, ताई," तो म्हणाला. "तिथं त्यांचं बोलणं कुणाला कळणार?"

"मग तू ये," ती म्हणाली.

त्या दिवशी पहिल्यांदा मी अलगदला काहीतरी डाव रचताना बघितलं. डाव तरी काय, त्याच्यासारखाच भाबडा. साहेबांना आपली गरज आहे म्हणून आपण अडकलो, तर आपल्यासारखाच दुसरा हात तयार करून द्यावा, म्हणजे साहेबांची सोय होईल आणि आपली वाट मोकळी होईल. अडवणाऱ्याचीच सोय बघून सुटायचं, असं फक्त त्यालाच सुचू जाणे!

चेला म्हणून त्यानं वायरमनला निवडलं. हा वायरमन तांब्याची तार चोरण्यात तरबेज. बाहेर विजेच्या खांबावरून तार उतरवताना पकडला गेला आणि आत आल्यावरही तुरुंगाच्या कारखान्यातून दोनदा तार लांबवताना सापडला. पण बोटं त्याची खरंच चपळ होती. अलगद त्याला रोज शिकवायचा. चामड्याच्या पट्ट्यावर पातं कसं परजायचं, कातडी दोन बोटांनी कशी ताणायची, हनुवटीखाली श्वास रोखून हात कसा चालवायचा. पातं दिलं की शिपाई हवा, तसा सरावाला गालही हवा. दोन्ही कामं माझ्याच गळ्यात पडली. महिनाभर मी तोंडाला कापूस चिकटवून घरी जात होतो. बायको म्हणाली, "मांजर पाळलंय का कचेरीत?"

शेवटी वायरमनचा हात बसला. माझ्या गालावर तरी बसला. मग एका सकाळी अलगदनं साहेबांना विचारलं, "आज ह्याच्याकडून करून घेता का साहेब? मी शेजारी उभा राहतो."

साहेबांनी डोळे उघडून आधी वायरमनकडे आणि मग अलगदकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असणार, मूर्ख नव्हते ते. पण हो म्हणाले. वायरमननं दोन्ही गाल सुरेख केले. हनुवटीखाली गेला आणि साहेब मुद्दामच खाकरले. जरासंच कापलं. रक्ताचा एक बारका ठिपका आला आणि साहेबांनी असा आरडाओरडा केला की बाहेरचा पहारेकरी धावत आला. "माझ्यावर प्रयोग करता काय!" म्हणत त्यांनी टॉवेल फेकला. वायरमनची उचलबांगडी झाली आणि अलगदला ताकीद मिळाली, पुन्हा दुसऱ्या कुणाच्या हातात वस्तरा दिलास तर याद राख.

मंडळ आलं त्या दिवशी सकाळी साहेबांनी अलगदकडून नेहमीपेक्षा जास्त निगुतीनं दाढी करून घेतली. गरम टॉवेल दोनदा. मग इस्त्रीचा गणवेश चढवून त्याच माणसाच्या सुनावणीला गेले.

मंडळात तिघं होते. अध्यक्ष, हे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. एक सभासद, जे आल्यापासून पेंगत होते. आणि एक बाई, ज्या खरोखर कागद वाचून आल्या होत्या. मी दारात उभा. पहिलं प्रकरण वायरमनचं. साहेब म्हणाले, "मनापासून सुधारलाय. नवीन धंदा शिकायची धडपड केली त्यानं." बाईंनी तारेच्या चोरीबद्दल विचारलं, तर साहेब म्हणाले, "ते जुनं झालं." नको असलेलं सामान माणूस असंच भंगारवाल्याच्या गळ्यात घालतो. वायरमन सुटला. जाताना त्यानं दाराबाहेर थांबलेल्या अलगदकडे बघितलंसुद्धा नाही, लाज वाटत असावी.

मग अलगदला उभं केलं. बाईंनी विचारलं, "बाहेर गेल्यावर कुठं राहणार?"

"बाबांजवळ. ते अंथरुणावर आहेत. त्यांना उचलायला माणूस हवा."

साहेबांनी घसा साफ केला. तो गुळगुळीत, एक पुटकुळी नसलेला घसा. म्हणाले, "कामाला चांगला आहे, तक्रार नाही. पण राग अनावर होऊन ह्याच्या हातून एक जीव गेलेला आहे, आणि धंदा धारदार हत्यारांचा. बाहेर लोकांमध्ये सोडायची जोखीम आत्ताच घेऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे."

'प्रामाणिक' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि माझी सहनशक्ती संपली. बोलायची मला परवानगी नव्हती. तरी बोललो. "माफ करा साहेब," मी अध्यक्षांना म्हणालो, "पण रोज सकाळी आमच्या साहेबांचा गळा ह्याच्याच वस्तऱ्याखाली असतो. आजही होता. साहेब झोपतात त्याच्यासमोर. बघा ना, एक ओरखडा तरी दिसतोय का?"

पेंगणारे सभासद जागे झाले. साहेबांचे कान लाल झाले. बाई पुढे वाकून साहेबांचा गळा बघू लागल्या आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. मला वाटलं, जिंकलं. अलगदनंही मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

अध्यक्षांनीही साहेबांचा गळा नीट निरखला. मग स्वतःच्या गालावरून उलटा हात फिरवला. खरखर आवाज आला. "वा," ते म्हणाले, "हात चांगलाच दिसतोय ह्याचा. मी भल्या पहाटे निघालोय हो, दाढीला वेळच मिळाला नाही. संध्याकाळी एका समारंभाला जायचंय. होईल का पटकन?"

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. नव्हते करत. शेजारच्या खोलीत खुर्ची मांडली गेली, पाणी तापवलं गेलं, कुलपातला वस्तरा मीच आणून दिला. ज्याला लोकांमध्ये सोडणं जोखमीचं, तो त्याच्या सुटकेचा निकाल देणाऱ्याच्या गालाला फेस लावत होता. बोटांची मागची बाजू टेकवून आधी कातडी बघितली त्यानं. तिथंही कामात कसूर नाही. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो, कारण आत बघितलं असतं तर ओकलो असतो. अध्यक्ष उठले, आरशात दोन्ही बाजू पाहिल्या, "अप्रतिम" म्हणाले आणि परत जाऊन खुर्चीवर बसले.

बाई शेवटपर्यंत भांडल्या, तेवढं मात्र खरं. पण एकीविरुद्ध दोघं. प्रगती समाधानकारक, पुढच्या बैठकीत अवश्य विचार करावा, असा निर्णय झाला. पुढची बैठक पुढच्या वर्षी. निघताना अध्यक्ष साहेबांना म्हणाले, "पुढच्या वेळी मी दाढी न करताच येईन." दोघंही हसले.

फाटकाबाहेर त्याची बहीण उभी होती. हातात त्याच्यासाठी घरचे कपडे, धुऊन घडी घातलेले. मला बघून ती पुढे आली.

"काय झालं, भाऊ? आत काही केलं का त्यानं? कुणाशी भांडला?"

"नाही ताई. कधीच नाही."

"मग का नाही सोडत?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. जमलं नाही. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, रडलीबिडली नाही. मग म्हणाली, "मग बाबांना काय सांगू मी? तुमचा मुलगा दाढी छान करतो म्हणून येत नाही, असं?" आणि कपडे छातीशी धरून, कंबर सांभाळत बस गाठायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नेहमीसारखे खुर्चीत पसरले. काल मी तोंड उघडल्याबद्दल माझी खातेचौकशी लागणार होतीच, त्याबद्दल त्यांनी मला दोनचार शिव्या दिल्या आणि डोळे मिटले. अलगदनं फेस लावला, डावा गाल केला, डावी बाजू हनुवटीपर्यंत आणली आणि थांबला. माझी काठीवरची मूठ आवळली गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला भीती वाटली आणि, खोटं कशाला बोलू, थोडी आशाही वाटली.

त्यानं पातं पाण्यात बुडवलं, फडक्यानं पुसलं, मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

साहेबांनी डोळे उघडले. "काय झालं रे?"

"काही नाही साहेब. आजपासून मी दाढी करणार नाही."

"अर्धी राहिलीय!"

"हो."

साहेब ताडकन उठले. एक गाल तुकतुकीत, दुसऱ्यावरून फेस कॉलरमध्ये ओघळतोय. "काम नाकारणं म्हणजे बेशिस्त. वागणुकीत लिहीन मी हे! कळतंय का तुला?"

"लिहा ना साहेब," तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला. "चांगली लिहून झालीच आहे तुमची. आता वायरमनसारखी लिहून बघा, तो तर घरी गेला."

साहेब माझ्याकडे वळले आणि खेकसले, "बघतोस काय? राहिलेली तू कर!"

"मला येत नाही साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी खरंच लिहिलं. अगदी मनापासून लिहिलं. अलगदला गटारं काढायच्या कामावर घातलं. पुढच्या बैठकीत त्याचं प्रकरण घेतलंच नाही, वागणूक असमाधानकारक म्हणून. माझी बढती गेली ती गेलीच. साहेबांनी आता दाढी वाढवली आहे, खालून खाजवतात आणि मुळीच शोभत नाही त्यांना.

त्याला गटारावर घातल्यानंतरच्या पहिल्याच भेटीला बहीण आली तेव्हा जाळीच्या अलीकडे मीच होतो. गटाराचा वास त्याच्या अंगाला होता, तिला तो आला असणार, पण तिनं दाखवलं नाही.

"बाबांना तिकडं सोडून आले," ती म्हणाली.

"निघताना काही बोलले?"

"बोलले ना. दोनदा बोलले," ती म्हणाली. "मला कळलं. तिथल्या बाईंना वाटलं, खोकतायत."